हौश्याला आज सुट्टी

गोरक्षचं वय बत्तीस, लग्न नाही, आणि मोबाईलमध्ये बैल पाळलेला. यातली तिसरी गोष्ट गावाला कळली तेव्हा दुसरीचं कारण लोकांना आपोआप सापडलं. पारावर बसणाऱ्यांना काय हो, तेवढंच पाहिजे असतं. "अरे, पोरगी बघायची सोडून हे बेनं फोनमधल्या बैलाला चारापानी करतंय," असं त्याचा चुलतभाऊ कल्याण चार माणसांत म्हणाला, आणि गोरक्ष नेहमीसारखा गालातल्या गालात हसून निघून गेला. वाद घालणं हा त्याचा पिंडच नव्हता.

पण बैल पाळला होता हे खरं. 'बीस्ट आखाडा' नावाचा तो खेळ. त्यात शे-दीडशे तऱ्हेचे प्राणी, कुणी आगीचा, कुणी पाण्याचा, कुणी गवताचा. आपण एक निवडायचा, वाढवायचा आणि दुसऱ्याच्या प्राण्याशी लढवायचा. दोघांनी आपापला एकेक डाव दाबला की एक पाळी झाली. अशा वीस पाळ्या. प्रत्येकाला जीव शंभर. मधेच ज्याचा जीव संपला तो हरला, आणि विसाव्या पाळीनंतरही दोघं उभे असले, तर ज्याचा जीव जास्त शिल्लक तो जिंकला. सगळी पोरं आगीचे नाहीतर विजेचे प्राणी घेतात. दोन फटक्यांत समोरचा आडवा, की मिशीला पीळ द्यायला मोकळे.

गोरक्षनं घेतला मॉसहॉर्न. गवताचा बैल, अंगभर शेवाळ, पाठीवर झुडूप, शिंगं मागं वळलेली. चालायला मंद, मारायला बोथट. असला ठोंब्या कुणी घेत नाही. पण सोसायला असा चिवट की समोरच्याला रडू यावं. गोरक्षनं खेळाची भाषा मराठी करून घेतली होती, त्यामुळं त्याच्या चार डावांची नावंही मराठी. 'मूळधर' दाबलं की तो जागेवर रुतून बसतो आणि सहा जीव भरून निघतो. 'ढाल' म्हणजे आलेला वार पुरता अडवायचा, पण लागोपाठ दोनदा ढाल धरता येत नाही. 'बीपेर' म्हणजे समोरच्याच्या अंगावर बी टाकायचं, ते रुजलं की दर पाळीला त्याचा जीव थोडा थोडा ओढून घेतं. आणि चौथा डाव 'शिंगाड', हा एकुलता एक मार, पंचवीसचा. बी टाकायचं, मूळ धरायचं, वार आला की ढाल, आणि वाट बघायची. डोंगराच्या कुशीतल्या तीन एकर कोरडवाहूवर ज्यानं अर्धा जन्म पावसाची वाट बघितली, त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

प्राण्याला आपल्या आवडीचं नाव देता येतं. गोरक्षनं नाव दिलं 'हौश्या'. घरच्या बैलाचं.

खरा हौश्या म्हणजे काय जनावर होतं! गोरक्षचे वडील होते तोवर आठ सीझन ऊसतोडीला गाडी ओढली त्यानं आणि त्याच्या जोडीच्या गुण्यानं. वडील गेले, गोरक्षनं ऊसतोड बंद केली, आणि बैलांनाही सांगून टाकलं की झालं बाबांनो, आता घरच्या शेतापुरतं. आता गोठ्यात एकटा गुण्या होता, आणि त्याच्या शेजारी एक मोकळा खुंटा. हौश्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. लंपीची साथ आली तेव्हा तो गेला.

आता ज्ञानेश्वरीचं सांगतो, कारण तिच्याशिवाय या गोष्टीत जीव नाही.

ती संगमनेरची. एका दूध डेअरीत प्रयोगशाळेत दुधाची तपासणी करायची. वय सत्तावीस. खेळातला तिचा प्राणी 'अंगारा' नावाचा आगीचा सरडा, आणि स्वभावही सरड्याला शोभेल असा तापट. आठ महिन्यांपूर्वी दोघांची पहिली झुंज झाली. ती जिंकली, पण जिंकायला तिला पुऱ्या अठरा पाळ्या लागल्या. तिनं खाली लिहिलं, "काय चिकट माणूस आहात हो तुम्ही!" गोरक्षनं लिहिलं, "मी न्हाई, माझा हौश्या." तिथून सुरुवात. मग आठवड्यातून एखाददुसरी झुंज आणि रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत गप्पा. तुम्हीचं तू झालं. तिच्या डेअरीत कोण दुधात पाणी घालतं ते गोरक्षला कळलं, गोरक्षच्या आईचे गुडघे कुठल्या तेलानं बरे वाटतात ते तिला कळलं. खरा हौश्या काय खातो, कसा रुसतो, हे ती हौसेनं विचारायची आणि गोरक्ष सांगत राहायचा. तो नाहीये, हे तेवढं त्यानं कधी सांगितलं नाही. सुरुवातीला जीभ रेटली नाही, आणि नंतर फार उशीर झाला.

झुंजी झाल्या एक्केचाळीस. एक्केचाळीसही तिनं जिंकल्या. गवत आणि आग, दुसरं काय होणार?

आषाढात एक दिवस तिनं लिहिलं, "घरी एक स्थळ आलंय. इंजिनियर आहे, पुण्यात फ्लॅट आहे. श्रावण संपला की रविवारी बघायला येणार."

गोरक्ष हौदाच्या कठड्यावर बसला होता. त्याच्या घरी रेंज म्हणून जी काय होती ती गोठ्याजवळच्या त्या हौदावरच. त्यानं तीनदा काहीतरी लिहिलं आणि तीनदा पुसलं. शेवटी लिहिलं, "चांगलंय."

"चांगलंय काय, डोंबल!" ती भडकली. "तुला दुसरं काही म्हणायचं नाही?"

"म्हनायचं लई हाय. पन तीन एकर कोरडवाहूवाल्यानं कोन्च्या तोंडानं म्हनायचं?"

मग आलं ते असं: "हे बघ. जिल्ह्याच्या स्पर्धेत आपण दोघं आहोत. तू फायनलला ये, मी तर येणारच आहे. तिथं मला हरव. हरवलंस तर रविवारच्या आधी मी तुझ्या गावाला येईन. तुझी आई बघेन, तुझा हौश्या बघेन, आणि मग घरी काय सांगायचं ते सांगेन. एकदा तरी मला हरवून दाखव रे गोरक्ष. नुसतं सोसत काय बसतोस?"

झालं. त्या दिवसापासून गोरक्षच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. खुरपताना तेच, वैरण कापताना तेच. आगीला गवतानं कसं हरवायचं? बी टाकलं की अंगाऱ्याच्या अंगावर ते जळून जायचं, तिथंच सगळी गाडी अडायची. महिनाभर त्यानं खेळातल्या यंत्राच्या तसल्याच सरड्याशी झुंजी खेळून बघितल्या, आणि एका संध्याकाळी गड्याला उमगलं. अंगाऱ्याचे वार दोन. एक लहान जाळ. दुसरा मोठा, वणवा, तीस जीव खाणारा. पण वणवा टाकला की अंगारा स्वतःही दहा जीव भाजतो आणि पुढची एक पाळी दमून गप्प पडतो. त्या दमलेल्या पाळीत त्याचं अंग थंड असतं. नेमकं तेव्हा बी टाकलं तर ते जळत नाही, रुजतं! अहो, पेरणीला वाफसा बघायचा असतो, जमीन बी धरायला तयार झाली का ते, ही साधी गोष्ट. शेतकऱ्याच्या पोराला ती सुचायला महिना लागला म्हणून त्यानं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

मग पुढं काय, एकामागून एक जिंकत गोरक्ष फायनलला आला. दुसऱ्या बाजूनं ती आली. स्पर्धा भरवणाऱ्या पोरांनी फायनल ठेवली पोळ्याच्या दिवशी सकाळी अकराला, ज्यानं त्यानं आपापल्या घरून खेळायचं. गोरक्षला बरंच वाटलं. पोळ्याला शेतात काम नसतं, निवांत खेळता येईल.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवलं, तो खांदा ऊन पाण्यानं शेकायचा, हळद आणि लोणी लावून मळायचा. मग बैलाला उद्याच्या जेवणाचं निमंत्रण द्यायचं, माणसाला देतात तसंच, हात जोडून. गोरक्ष गुण्याचा खांदा मळत होता आणि त्याची आई, चांगुणाबाई, हळदीची वाटी धरून शेजारी उभी होती.

"आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," म्हातारी गुण्याला म्हणाली. मग वळली आणि मोकळ्या खुंट्यालाही हळदीचं बोट लावून तेच म्हणाली. गोरक्षनं मान वर केली नाही. गुण्याच्या खांद्यावर त्याचा हात तेवढा जोरानं फिरू लागला.

"फोन कुठाय तुजा?" आईनं विचारलं.

"कशाला?"

"आन हिकडं. तुजा त्यो हिरवा हौश्या दाव."

गोरक्षनं हात पुसून फोन उघडला. मॉसहॉर्न उभा होता, शेवाळलेली मान हलवत. म्हातारीनं डोळे बारीक करून त्याच्याकडं बघितलं, काचेवर त्याच्या खांद्यापाशी हळदीचं बोट टेकवलं आणि हात जोडले. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"आई, आगं त्यो खेळातला हाय."

"हाय तर हाय. नाव ठिवलंस ना हौश्या? मंग त्याला उपाशी ठिवू व्हय सनाचं?"

म्हातारी हसत होती, पण हात जोडलेलेच होते. आणि गोरक्षला एकदम उद्याची झुंज आठवली.

पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्या दिवशी नांगर नाही, गाडी नाही, पेरणी नाही. चाबूक तर हातातसुद्धा घेत नाहीत. आणि उद्या अकरा वाजता तो हौश्याला काय करायला लावणार होता? बी पेरायला आणि शिंगं मारायला.

तुम्ही म्हणाल, काय येडा माणूस आहे, फोनमधल्या चित्राला कसला पोळा? दुसरा कुणी असता तर तोही हसला असता. पण गेल्या पोळ्याला काय झालं होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि गोरक्षपुढं कुणी बोलत नव्हतं. कल्याणचा कांद्याचा पिकअप ओढ्याच्या गाळात रुतला होता. ट्रॅक्टरवाला सणाचा कुठं उलथला होता कोण जाणे. कल्याण हातापाया पडला, "पाच मिन्टाचं काम हाय रं, कांदा भिजंल माजा," म्हणाला. आणि गोरक्षला नाही म्हणता आलं नाही. शिंगांना हिंगुळाचा ओला रंग, अंगावर झूल, तशा हौश्याला त्यानं साखळी लावली. आईनं दारातून हाक मारली, "आरं, आज नगं!" हौश्यानं पिकअप ओढून काढला. काढणारच, कधी नाही म्हणालं नाही ते जनावर. पुढच्या वीस दिवसांत अंगावर गाठी आल्या आणि महिन्यात तो गेला. डॉक्टर म्हणाले लंपी. लंपीच होती, तालुक्यात शेकडो जनावरं गेली तिनं. गोरक्षला ते पटत होतं. पण झोपायच्या आधी रोज त्याला ती साखळी आठवायची, आणि लंपीचं नाव घेऊन ती आठवण जात नव्हती. आईनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं त्याला कितीदा वाटलं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी त्यानं गुण्याला ओढ्यावर धुतलं, शिंगं रंगवली, बेगड चिकटवलं, नवी वेसण घातली. घरात पुरणाचा वास सुटला होता. अकराला पाच कमी असताना तो हौदाच्या कठड्यावर येऊन बसला. एकीकडं ज्ञानेश्वरी, एकीकडं हौश्या. रविवार चार दिवसांवर. एक झुंज जिंकली की ती या दारात येणार होती, याच हौदापाशी उभी राहणार होती. आणि जिंकायची किल्ली दोन महिने घासून त्याच्या हातात होती.

"बघू," तो गुण्याकडं बघत म्हणाला. "न मारता जमतंय का बघू."

अकराच्या ठोक्याला झुंज सुरू झाली. बघायला जिल्ह्यातली चारपाचशे पोरं जोडलेली. ज्ञानेश्वरीनं पहिल्याच पाळीला वणवा टाकला. गोरक्षनं ढाल धरली. वणवा वाया, वर तिचेच दहा जीव भाजले. आता तिचा अंगारा दमलेला, अंग थंड. ज्या पाळीसाठी गोरक्षनं दोन महिने घालवले ती पाळी ही. 'बीपेर' डोळ्यांसमोर चमकत होतं. त्यानं दाबलं 'मूळधर'.

बघणाऱ्यांनी खाली लिहायला सुरुवात केली. "झोपला का काय?" "मॉसहॉर्नवाला गंडला!" गोरक्षनं तिकडं बघितलंच नाही. दोनच डाव होते त्याच्याकडं आता, बसायचं आणि अडवायचं. मग त्या दोनातच त्यानं जीव ओतला. एक्केचाळीस वेळा तिच्याकडून हरला होता तो, तिचा हात कधी उठतो हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? ती चिडली की वणवा टाकते. दोनदा वार वाया गेला की सावध होऊन लहान जाळावर येते. मग पुन्हा चिडते. तो ओळखून ओळखून ढाल धरत गेला. काही ओळखी चुकल्या, तेव्हा तीस तीस जीव एकदम गेला, आणि हौश्या मान खाली घालून पुन्हा मूळ धरून बसला. पण प्रत्येक वणव्यामागं तिचेही दहा जळत होते. दहा पाळ्या झाल्या. पंधरा झाल्या. खाली हसणारी पोरं गप्प झाली. मग एकानं लिहिलं, "अरे, हा एक पण वार न करता खेळतोय!" आणि मग सगळे तेच लिहू लागले.

अठराव्या पाळीला तिनं लहान जाळ टाकला, गोरक्षनं ढालीवर घेतला. आकडे आले. तिचे तीस. हौश्याचे तेहेतीस.

गोरक्ष पुढं होता! न मारता, बी न टाकता, आगीच्या पुढं होता. आणखी दोन पाळ्या निभावल्या की झालं. पण आत्ताच ढाल वापरल्यामुळं एकोणिसाव्या पाळीला ढाल नव्हती. त्यानं मूळ धरलं आणि तिनं वणवा टाकला.

पडदा लाल झाला. शेवाळ जळालं, पाठीवरचं झुडूप जळालं. धूर हटला तेव्हा हौश्या उभा होता. जीव नऊ. तिचे दहा भाजून राहिले वीस. आणि अंगारा दमून जमिनीला टेकलेला. विसावी पाळी, शेवटची. तिला काहीच करता येणार नव्हतं. ती पाळी पुरी गोरक्षची होती.

'मूळधर' म्हणजे सहा. नऊ आणि सहा पंधरा, म्हणजे हार. 'शिंगाड' म्हणजे पंचवीस, आणि तिच्याकडं वीसच होते. एक बोट टेकवायचं. समोर चारपाचशे पोरं एकच शब्द लिहीत होती, "शिंगाड! शिंगाड!" घड्याळ तीस सेकंदांवरून खाली येत होतं.

गोरक्षला संगमनेरहून येणारी एसटी दिसत होती. तीत खिडकीशी बसलेली ती दिसत होती, जिचा चेहरा त्यानं फक्त फोटोत बघितला होता. आणि हौश्या मान वळवून त्याच्याकडं बघत होता. खेळात तो प्राणी मालकाचा हुकूम येईपर्यंत असाच मागं बघतो, सगळ्यांचाच बघतो. पण गेल्या वर्षी ओढ्यात साखळी लावताना हौश्यानं अशीच मान वळवली होती, आणि गोरक्षनं "चल!" म्हटलं होतं.

"चल न्हाई म्हनत," तो मोठ्यानं म्हणाला. "आज न्हाई म्हनत मी."

त्यानं 'मूळधर' दाबलं. पंधरा विरुद्ध वीस. ज्ञानेश्वरी जिंकली.

तो तसाच बसून राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याच्या ध्यानात नव्हतं. हरल्याचं दुःख होतं, अगदी काळीज पिळून निघावं असं होतं. आणि त्याच्या तळाशी वर्षभरात पहिल्यांदा थोडं निवल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं हे त्याला कळेना.

फोन वाजला. आठ महिन्यांत दोघांनी लिहिलं भरपूर, बोलले कधी नव्हते. तिचा आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा घोगरा होता.

"शिंगाड का नाही मारलंस?" ती ओरडलीच. "मी डोळे मिटून घेतले होते! संपले होते मी! मुद्दाम हरलास? मला भीक घातलीस?"

"न्हाई गं. देवाशपथ न्हाई. जिंकायला जीव टाकत होतो."

"मग?"

"आज पोळा हाय," गोरक्ष म्हणाला. "आज त्याला कामाला लावत न्हाई."

ती हसेल, असं त्याला वाटलं. ती हसली नाही. मग त्यानं सगळं सांगून टाकलं. आईचं आवतन, गेल्या वर्षीचा पिकअप, साखळी, अंगावरच्या गाठी, मोकळा खुंटा. सांगताना आवाज दोनदा फुटला.

"म्हणजे हौश्या नाहीच?" तिनं हळू विचारलं. "आठ महिने तू मला त्याच्या गोष्टी सांगत होतास..."

"व्हय. खोटं बोललो. तो गेला असं लिहायला हातच वळत नव्हता. तू आली असतीस तर खुंटा दावून सांगनार हुतो." त्यानं नाक पुसलं. "आता तेही न्हाई. हरलो मी."

"हरलास," ती म्हणाली. तिचाही आवाज ओला झाला होता. "पैज म्हणजे पैज. तू जिंकला असतास तर मी आले असते. आता मी काही यायची नाही."

"व्हय."

"व्हय काय, येड्या! मी येणार नाही म्हणजे तू ये."

गोरक्षला वाटलं रेंज गेली, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. तो कठड्यावरून उठून उभा राहिला.

"ऐकतोयस ना? आमच्याकडं मुलगाच येतो मुलगी बघायला. रविवारच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून वडिलांकडून आजच कळवते. ते माझं मी बघून घेईन, थोडी भांडणं होतील, होऊ देत. तू आईंना घेऊन ये. गुडघे दुखतात त्यांचे, तेव्हा एसटीत पुढची सीट धर. आणि तीन एकराचं काही सांगत बसू नकोस माझ्या वडिलांना, मी सांगितलंय."

"कधी सांगितलंस?"

"आषाढातच."

त्याला बोलायचं होतं, लई बोलायचं होतं. आठ महिन्यांत पानंच्या पानं लिहिणारा माणूस फोन कानाला धरून हौदाभोवती नुसत्या फेऱ्या मारत राहिला. आतून आई विचारत होती की कोणाशी बोलतोयस आणि रडतोयस का.

"गोरक्ष," पलीकडून ती म्हणाली. "बोल ना काहीतरी."

"येतो," तो म्हणाला. "आमी दोघं येतो."